आह्तीचं दळण

काय्सा पहिल्यांदा घंटीवर आली, म्हणाली,
राय आहे, दळून द्याल?
मी म्हटलं, राई नाही दळत बाई,
दगडाला वास धरतो, मग दिवसभर
लोकांच्या पोळ्या नाकात जातात.
तिनं पिशवी उघडून दाखवली:
गव्हाचाच कुणी सावळा, लांबट,
थंडीत वाढलेला भाऊ.

विश्वामित्रीतल्या मगरी मोजायला आली होती ती
फिनलंडहून, युनिव्हर्सिटीच्या कागदावर.
रात्री पाण्यावर बॅटरी मारायची,
दोन लाल ठिपके म्हणजे एक मगर.
सकाळी वही काखेत, बूट चिखलाचे,
आणि उभी माझ्या रांगेत
बेसनवाल्या पटेलबाईंच्या मागे.

तिच्याकडे एक देव होता, पाण्याचा.
आह्ती.
नाव घेताना मधला ह ती असा सोडायची
जशी काचेवर वाफ.
शेवाळाची दाढी, फेसाची घोंगडी,
काळ्या खडकाखाली घर, बायको वेल्लामो.
स्वभावानं कसा?
हेवेखोर, म्हणाली.
वरच्या देवांना सगळे हाका मारतात,
ह्याला फक्त जाळं रिकामं आलं की.
मग त्याला सुरसागर दाखवू नकोस, मी म्हटलं,
तिथं वरचाच देव उभा केलाय
पाण्याच्या मधोमध, सोन्यानं मढवून.

जात्याची गोष्ट तिनं हॉपरवर हात ठेवून सांगितली.
कुण्या लोहारानं घडवलेलं जातं,
एका बाजूनं पीठ, दुसरीनं मीठ,
तिसरीनं नाणी.
मग त्याच्यावरून भांडण, होड्या, वादळ,
आणि जातं फुटून समुद्रात.
तुकडे आह्तीकडे गेले.
तेव्हापासून तो श्रीमंत, जमीन गरीब.
परत नाही दिले?
मागायला कुणी गेलं नाही, म्हणाली.
मी विचारलं, नाण्यांच्या बाजूला
चाळणी किती नंबरची होती?
ती हसत सुटली.
मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

व्हिसा संपला, वही भरली, ती गेली.
डब्यात तिची पसाभर राय राहिली,
तिला पोरकिडेही लागेनात.

ऑगस्टात आजव्याचे दरवाजे उघडले.
पाणी रात्री आलं, शटरच्या खालून,
काही न बोलता, जसा मागची उधारी ठेवून
परत आलेला माणूस.
शेजारच्या ओट्यावर मगर चढली,
चार पोरांनी तिला दोरानं बांधून
रिक्षातून नेलं, भाडं कुणी दिलं कळलं नाही.
चौथ्या दिवशी आत शिरले तर
पट्टा फुगलेला, मोटर मेलेली,
कॅलेंडरवर पाण्याची रेघ
एकोणीस तारखेच्या पोटातून गेलेली.
हॉपरमध्ये गाळ, इतका मऊ, इतका बारीक,
कुणी तिसऱ्या हातानं चाळल्यासारखा.
आणि मामंजींची टाकी नव्हती.
चाळीस वर्षं दगडांना दात देणारी,
मुठीपाशी त्यांच्याच अंगठ्याएवढी झिजलेली.
नाल्यात शोधली. भंगारवाल्याकडे शोधली.
नव्हती.

नवी आणली मांडवीतून. फार बोलते, हातात बसत नाही.
दगड उलटे करून दोन दिवस ठोकत बसले,
धूळ पापण्यांवर,
आणि मग डब्यातली ती राय ओतली.
टाकी लावल्यावर पहिलं दळण खाऊ नये,
दगडाची कच असते त्यात,
गाईलाही घालत नाहीत.
ते कागदात बांधून मी काळ्या घोड्याच्या पुलावर गेले.
खाली पाणी उतरलेलं, झाडांच्या शेंड्यांना
प्लास्टिकच्या पिशव्या.
दिवसा डोळे दिसत नाहीत, मोजता आलं नाही.

पूड सोडली. ती क्षणभर पाण्यावर बसली,
राखाडी, मग एका बाजूनं आत गेली.
मागून रिक्षावाला: बेन, मगरने लोट नाखो छो?
नाही रे भाई, एक गिऱ्हाईक आहे.
आमची टाकी त्याच्याकडे राहिलीय.
तो थोडा वेळ कठड्यापाशी थांबला,
पाण्यात बघत, मीटर चालू ठेवून.

काय्सा, नवीन वही केली असशील
तर एका कोपऱ्यात लिही:
मागायला कुणीतरी गेलं होतं.